सगुणाला उडी कधी मिळते

मंगळवार, ७ जानेवारी २०२५. पौष शुद्ध अष्टमी. शाकंभरी नवरात्र बसलं.

आज आलेलं सामान:
छोटा कॉम्प्युटर १. पंकजाच्या कंपनीचा, परत करायचा आहे.
खेळायचा कंट्रोलर १, नवा. २,३५० रु. पंकजाने स्वतःच्या पगारातून घेतला. एवढ्यात मिक्सर आला असता.
वायरी २. चिठ्ठी १.
कुरिअरच्या ऑफिसपासून घरापर्यंत रिक्षा ४० रु. साठ मागत होता, भिंगारातल्या भिंगारात.
पूजेचा नारळ ३५ रु.

चिठ्ठी तीनदा वाचली. आमची पंकजा आणि तिच्याबरोबरचे पाच जण पुण्यात दोन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवतायत. सगुणा नावाची मुलगी. गाव दुष्काळी. ती जुन्या विहिरींत उतरून गावाचं पाणी शोधते. सुरुवातीला तिला नुसतं चालता येतं, मग एकेक शक्ती मिळत जाते. आधी उडी, मग दोरावरून उतरणं, मग जमिनीला कान लावून पाणी ऐकणं. एक फेब्रुवारीला बंगळूरची माणसं खेळ बघायला येणार. त्यांना आवडला तर सहा जणांच्या वर्षभराच्या पगाराची सोय. नाही आवडला तर मार्चमध्ये ऑफिसला कुलूप.

आजवर खेळून बघणारे सगळे त्यात मुरलेले. आता ज्याने जन्मात कंट्रोलर हातात धरला नाही असं माणूस हवंय. पंकजाने लिहिलंय, आई, यात तुझ्या तोडीचं कुणी नाही. वाचून बरं वाटलं.

पुढे लिहिलंय, सगुणाला नवी शक्ती मिळते ते तुला पटलं का, एवढंच कळव. चांगलं लिहू नकोस, खरं लिही.

मी कधी खोटं लिहिलंय? (दुधाची वही सोडून. ती ह्यांना दाखवायची असते.)

पौषात नवं काही सुरू करू नये, पण नवरात्र देवीचं आहे, चालतं. कंट्रोलर पाटावर ठेवला. कुंकू ओलं केलं म्हणजे टिकतं. प्रत्येक बटनाला हळद, कुंकू, वर अक्षता. हे म्हणाले, अगं बटनांना पण? म्हटलं, एकतीस वर्षं मिलिटरीच्या स्टोअरात होतात, खंडेनवमीला टाइपरायटरच्या एकेका बटनाला कोण लावत होतं? 

संकल्प: रोज पूजा झाल्यावर एक तास. पंधरा दिवसांत खेळ पूर्ण. एकही दिवस खाडा नाही.

बुधवार, ८ जानेवारी. सकाळी ११.

सुरुवात उत्तम. डावा दांडा म्हणजे सगुणाचे पाय, उजवा म्हणजे तिची मान. हे माझं मीच शोधून काढलं. (ह्यांनी सांगितलं, पण तोवर मला अंदाज आला होता.) पाऊण तासात सगळं गाव बघून झालं. त्यातली पंधरा मिनिटं लिंबाच्या झाडाला धडकण्यात गेली. ते झाड चुकीच्या जागी आहे, पंकजाला कळवणे.

गावाच्या कडेला ओढा आहे. लहानच, पण आडवा. तिथे अक्षरं येतात: उडी मारण्यासाठी हिरवं बटन दाबा. दाबलं. काही नाही. वीसदा दाबलं. सगुणा तिथेच उभी, आपली वेणी वाऱ्यावर. एक शेळी मात्र येते, टुणकन पलीकडे जाते, थोड्या वेळाने परत येते, परत पलीकडे जाते.

विचार केला आणि ध्यानात आलं. उडी ही शक्ती आहे. ती लगेच कशी मिळेल? आपल्या कहाण्यांत काय असतं? आधी वसा काय ते सांगतात. मग बाई तो पाळते. फळ नंतर. इथेही आधी सांगून ठेवलंय, वेळ आली की मिळेल. शेळीला आधीच मिळालेली दिसते.

खेळ बनवणारी मुलं शिकलेली आहेत, पण संस्कार दिसतात.

शुक्रवार, १० जानेवारी. पुत्रदा एकादशी. उपास.

तिसरा दिवस. उडी नाही.

ओढ्याच्या अलीकडे एक देऊळ आहे. सगुणाला त्याला अकरा प्रदक्षिणा घालायला लावल्या. सातव्या फेरीला कोपऱ्यात अडकली, ती धरली नाही, पुन्हा घातली. मग ओढ्यावर नेऊन हिरवं बटन दाबलं. काही नाही.

दुपारी पंकजाचा फोन. कुठवर आलीस, म्हणाली. ओढ्यापाशी, म्हटलं. मग, पटलं का? म्हटलं, घाई करत नाही मी, नीट बघत बघत चाललेय. ती खूश झाली. मागून कुणीतरी हसलं. ऑफिसात सगळे ऐकत असावेत. म्हणून लाज वाटली आणि उडी मिळालेली नाही हे सांगितलं नाही. सहा शिकल्या-सवरल्या मुलांना कशाला कळायला हवं की पंकजाच्या आईला तीन दिवसांत हातभर ओढा ओलांडता आला नाही.

मिळाल्यावर एकदमच सांगेन.

रविवार, १२ जानेवारी.

शेजारची रेश्मा विरजण मागायला आली आणि बसली ती बसलीच. ती पाथर्डीकडची, तोंडाला फाटक नाही. टीव्हीकडे बघून म्हणाली, काकू, ही पोरगी उडी का मारत न्हाई? म्हटलं, तिची अजून तेवढी योग्यता झालेली नाही. रेश्मा म्हणाली, मंग आपल्यासारखीच हाय की. वर आणि म्हणते, ती शेळी बघा, इनामदारीन हाय नुसती.

मी सांगितलं, शक्ती ही अशी बटन दाबून मिळत नसते, पोरी. ती म्हणाली, मंग बटन कशाला दिलंय?

अशा लोकांशी वाद घालू नये. विरजण वाटीभर दिलं. वाटी परत आलेली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

सुगडं पुजली. देवळातून आल्यावर खेळले. तिळगुळाची ताटली शेजारीच होती, त्यामुळे हात चिकट. उडी नाही. सातवा दिवस.

हे म्हणाले, बघू जरा इकडे. दिला नाही. माणसाने नेम मध्ये दुसऱ्याच्या हाती देऊ नये. शिवाय ह्यांना चटकन जमलं असतं तर?

शुक्रवार, १७ जानेवारी. संकष्टी.

दहा दिवस. आता स्पष्ट लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचणार नाही: मन खट्टू झालंय. वाटतं, माझ्याच हातून काही चुकलं असेल. दुधाच्या वहीचं मनात येऊन गेलं. पंकजाच्या मशीनला ते कसं कळणार, हेही कळतं. तरी दुपारी वही काढली आणि डिसेंबरचे चार दिवस दुरुस्त केले. ह्यांना दाखवली नाही.

सगुणा दिवसभर ओढ्याच्या काठी उभी. मला तिची दया यायला लागली आहे. सगळं गाव तिच्या डोळ्यांसमोर कोरडं, आणि पाऊल पुढे पडत नाही. नववीत दोरीवरच्या उड्यांच्या तासाला मी अशीच काठावर उभी राहायची. बाई म्हणायच्या, तुझं नंतर बघू.

शनिवार, १८ जानेवारी. दुपारी ४.

मिळाली.

सकाळी कंट्रोलरला मुंग्या लागल्या होत्या म्हणून हे तो ओट्यावर घेऊन गेले आणि पुसून आणला. मी पूजा आटोपून बसले. मनात काही नव्हतं. ओढ्यावर नेलं, सवयीने हिरवं बटन दाबलं, आणि सगुणा उडाली. नीट पलीकडे उतरली. परकराचा घोळ वर गेला आणि खाली बसला. शेळी तिच्याकडे बघत होती.

मला रडू फुटलं. पदराने तोंड झाकून घेतलं. हे आतून म्हणाले, काय झालं? म्हटलं, कांदा. हातात कांदा नव्हता.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी. यात काय समजायचं ते समजलं.

रविवार, १९ जानेवारी.

पंकजाला चार पानं लिहून फोटो पाठवले. मथळा दिला: नवी शक्ती कशी द्यावी. दहावीला मराठीत एकाहत्तर होते ते उगीच नाही. सारांश इथे उतरवून ठेवते.

शक्ती आधी दिसावी, हाती लागू नये. माणसाला तिची भूक लागली पाहिजे. त्याने पुष्कळ थांबावं, येरझारा घालाव्यात, देवाचं करावं, स्वतःचं काय चुकलं ते आठवावं. आणि ती मिळेल तेव्हा काही न सांगता मिळावी. ढोल नको, ताशा नको. अशी मिळाली की डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या आलं. हे तुम्ही फार सुंदर केलंत.

किती थांबले ते लिहिलं नाही. आकडा लिहिला की लोक आकड्यालाच धरून बसतात.

सोमवार, २० जानेवारी.

माझा कागद ऑफिसात मोठ्याने वाचला. पंकजाचे मोठे साहेब, बिभीषण सर (वय अठ्ठावीस, गाव जामखेडकडचं), स्वतः फोनवर आले. म्हणाले, काकू, दोन वर्षं आम्ही जे शोधत होतो ते तुम्ही चार पानांत दिलं. तुम्ही आधी सगळं गाव फिरून घेतलं, उडीला हात लावला नाही, म्हणून ती मिळाल्यावर तुम्हाला रडू आलं. आता आम्ही सगळ्यांनाच तसं थांबायला लावणार. सुरुवातीची उडी काढून टाकतो.

मागे टाळ्या वाजल्या. फोन स्पीकरवर होता. मी सुद्धा स्पीकरवर टाकला होता, म्हणजे ह्यांना ऐकू जावं.

मग पंकजा एकटी बोलली, जरा हळू. म्हणाली, आई, मला तसं वाटत नव्हतं. मी उलट केलं होतं. आधी छोटी गोष्ट, करून बघून, पडून, मग मोठी. खेळणाऱ्याच्या हाताला आधी सवय लागली की गोष्टीवर विश्वास बसतो, असं माझं म्हणणं. पण तू रडलीस का खरंच? म्हटलं, रडले. म्हणाली, मग माझं चुकलं असेल.

रडले हे खरंच आहे.

मंगळवार, २१ जानेवारी.

हे जेवताना म्हणाले, तुला एक दाखवायचं राहिलं. आणि काडेपेटी उघडून पुढे केली. आत तांदळाचा एक दाणा, लालभडक.

डेपोची सवय. वस्तू साफ केली की तिच्यातून जे निघेल ते वेगळं काढून ठेवतात. शनिवारी मुंग्या काढताना हिरवं बटन दबत नव्हतं म्हणून जुन्या टूथब्रशने कोरलं, तर फटीत अक्षतेचा दाणा. वाळलेल्या कुंकवाने गच्च बसलेला. हे म्हणाले, पहिल्या दिवसापासनं असणार हा. बटन दबतच नसणार.

भाजी फार तिखट झाली आहे, असं मी म्हणाले.

म्हणजे उडी पहिल्या मिनिटापासून होती.

दुपारी आडवी पडले. कानशिलं गरम. उद्या सकाळी पंकजाला सांगायचं. आज मंगळवार आहे.

बुधवार, २२ जानेवारी.

सांगितलं नाही. फोन केला होता. तिचा आवाज इतका दमलेला होता की हिच्या डोक्यावर आणखी काय घाला. मेथीच्या लाडवांचं बोलले.

शिवाय नीट विचार करता, दाणा देवीच्या अक्षतांतला होता. म्हणजे अडवलं देवीनेच आणि अकराव्या दिवशी सोडलंही तिनेच. ह्यांचा हात निमित्त. मग माझ्या चार पानांत खोटं काय आहे?

हे ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, देवीला टूथब्रश लागतो व्हय.

शुक्रवार, २४ जानेवारी.

आपल्याकडे हळदीकुंकू. बायका चौतीस. वाण म्हणून चहाची गाळणी दिली. (स्टीलची सांगितली. स्टीलच आहे, फक्त पातळ.)

रेश्माने सगळ्यांसमोर विषय काढला, काकूंच्या पोरीला उडी मिळाली का? मग मला पंकजाचं, सरांचं, चार पानांचं सगळं सांगावं लागलं. कुणीतरी म्हणालं, म्हणजे गोष्ट तुम्हीच लिहिली म्हणा की. मी नाही म्हणाले नाही. हसले. हसण्याचा अर्थ ज्याने त्याने घ्यावा.

रेश्मा जाता जाता कानाशी म्हणाली, काकू, बटन बिघडल्यालं न्हवतं ना? तिच्या तोंडाकडे बघवेना. दोन गाळण्या दिल्या.

हिला कशी शंका आली? तिला शक्ती-भक्तीतलं काही कळत नाही म्हणूनच आली असेल.

सोमवार, २७ जानेवारी. सायंकाळी ६.

आज नक्की सांगणार होते. देवापुढे दिवा लावून, वाक्य पाठ करून फोन घेतला. माझं वाक्य निघायच्या आत पंकजाने विचारलं, आई, एक नेमकं सांग. उडी मिळेपर्यंत आम्ही वीस मिनिटं ठेवलीत. सर म्हणतात तुला विचारूनच पक्कं करायचं. वीस जास्त होतात का?

माझ्या डोक्यात अकरा दिवस होते. तोंडातून निघालं, वीस कमी आहेत.

 मग म्हणाली, बरं, पस्तीस करतो. आणि शेळी काढली आम्ही. शेळीला उडी मारताना बघितलं की लोक वाट बघत नाहीत, बटनं दाबत सुटतात. चार महिने लागले होते तिच्या पायांना, पण जाऊ दे.

मी शेळीबद्दल कधी काही बोललेच नव्हते.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, सांगितलंस? म्हटलं, विषय निघाला नाही. मग म्हटलं, तुम्हीच सांगा ना. हे म्हणाले, स्टोअरात सही ज्याची, जबाब त्याचा. चार पानांवर सही कुणाची हाय?

गुरुवार, ३० जानेवारी.

सांगितलं नाही. आता सांगून उपयोगही नाही, दोन दिवसांत ती मुलं परत बदलणार कसं? उलट घाबरतील. न सांगण्यातच त्यांचं हित आहे. या मुद्द्यावर मी आज दिवसभर ठाम होते.

बुऱ्हाणनगरला जाऊन देवीची ओटी भरली. मागितलं काय, ते लिहीत नाही. तिथेही पूर्ण सांगितलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी.

उपास धरला. पाणीही दुपारनंतर घेतलं. बंगळूरची दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष, अकराला येणार होती.

पंकजाचा फोन सहाला आला. आवाज साधा. झालं, म्हणाली.

बाई खेळायला बसल्या. चालल्या, गाव बघितलं, चित्रं छान म्हणाल्या. ओढ्यावर आल्या. बटनं दाबली. देवळाकडे गेल्या, परत आल्या. अकराव्या मिनिटाला त्यांनी कंट्रोलर उलटा करून बघितला आणि विचारलं, हा बिघडलाय का? सर म्हणाले, नाही, वाट बघायची आहे. त्या पुरुषाने घेतला. त्यानेही हिरवं बटन नखाने खरवडून बघितलं. मग दोघं आपापसात काहीतरी बोलली, चहा घेतला, कळवतो म्हणाली आणि साडेबाराच्या आत गेली.

मी विचारलं, सर रागावले का? म्हणाली, नाही गं. सर म्हणाले, काकूंना पोहोचलं ते ह्यांना पोहोचलं नाही, शहरातल्या माणसाला धीर नसतो. तुझ्यावर कुणी काही बोललं नाही.

तुझ्यावर कुणी काही बोललं नाही. हे वाक्य तिने दोनदा म्हटलं.

साबुदाणा भिजवलेला होता, तो तसाच झाकून ठेवला.

रविवार, २ फेब्रुवारी.

पंकजाने सकाळी परत फोन केला. त्या माणसांनी कळवलंय, वीस तारखेला परत येतो, सुधारून दाखवा, ही शेवटची वेळ. पण काय सुधारायचं तेच ऑफिसात कुणाला कळत नाहीये. सरांना वाटतं वाट अजून वाढवावी, देवळात आरती घालावी. पंकजाला वाटतं जुनं बरं होतं, पण तिचं ती जोरात बोलू शकत नाही. सर म्हणतात, तुमच्या आईच रडल्या होत्या ना.

मी काय बोलले? म्हणाले, आरती चांगली राहील.

लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. मी असं म्हणाले.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

आपल्याकडच्या कॉम्प्युटरमध्ये खेळ जुनाच आहे, शेळीवाला. आज तो पहिल्यापासून लावला. हे बाहेर गेले होते. रेश्माला दारातून परत पाठवलं.

पहिल्याच मिनिटाला वाटेत सांडपाण्याचं वीतभर डबकं आहे. तिथेही उडीची खूण येते. मी त्या वेळी ते वळसा घालून गेले होते, परकर भिजेल म्हणून. आज बटन दाबलं. टप. पलीकडे. पुढे दोन दगड. तिथे एकदा पडले. मग ओढा. शेळी माझ्या आधी गेली आणि पलीकडे वळून उभी राहिली. ती मला दाखवत होती. सव्वीस दिवसांपूर्वी वाटलं होतं, तिला आधीच मिळाली आहे. मी गेले. मग तोच ओढा पुढे रुंद होतो, तिथे चारदा पडले आणि पाचव्यांदा गेले, आणि जिथे विहिरीच्या तोंडावरची मोठी फट आली तिथे मला भीती वाटलीच नाही. हात आपोआप चालला.

पंकजाने हे केलं होतं. आणि विचारलं होतं, पटलं का.

पंचावन्न वर्षांची बाई मी. टीव्हीसमोर एकटी बसले होते तरी डोक्यावरून पदर ओढून घेतला.

रात्रीपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं आणि चार वाजता फोन लावला. तिने हॅलो म्हटलं. मी विचारलं, जेवलीस का? जेवले म्हणाली. ठेवला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. रथसप्तमी.

तुळशीपाशी दूध उतू घातलं. मग बसून पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं. हे स्वतः पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने टाकून आले, पाकीट उघडून वाचलं नाही. काय लिहिलं ते उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मला दुसरंच काही लिहिलं होतं असं म्हणता येणार नाही.

चि. पंकजा हिस आईचा अनेक आशीर्वाद.

आधी वाईट तेच लिहिते. सोबत कागदात बांधून तांदळाचा एक दाणा पाठवलाय. पहिल्या दिवशी मी कंट्रोलरची पूजा केली तेव्हा तो हिरव्या बटनाच्या फटीत गेला आणि ओल्या कुंकवाने बसला. अकरा दिवस बटन दबतच नव्हतं. मला वाटलं, सगुणाला उडी अजून मिळायची आहे. तुझ्या बाबांनी दाणा काढला, उडी लागली, आणि मी रडले. रडणं खरं होतं. बाकी चारही पानं त्या दाण्याची आहेत, तुझ्या खेळाची नाहीत.

हे मला एकवीस तारखेला कळलं. त्यानंतर तुझ्याशी पाचदा बोलले आणि सांगितलं नाही. वीस मिनिटं कमी आहेत हे म्हणाले तेव्हा मला माहीत होतं. आरती चांगली राहील म्हणाले तेव्हाही. लाज वाटत होती हे कारण आहे, पण ते सहा जणांच्या पगाराएवढं मोठं कारण नाही.

हे पत्र सरांना दाखव. मोठ्याने वाचलं तरी चालेल.

आता तू जे मागितलं होतंस ते. काल आणि आज सकाळी मी तुझा जुना खेळ बटन धड असताना खेळले. एकतीसदा पडले.

उडी: पटली. शेळी परत आण. डबक्यापाशी मात्र वळसा घालायला जागा ठेवू नकोस, माझ्यासारखी बाई परकर सांभाळत बाजूने निघून जाते आणि शिकायचं राहून जातं.

दोरावरून उतरणं: पटलं. आधी ती बादली सोडते, मग दोराला लोंबकळते, मग उतरते. हात भाजल्यावर तिला थांबावं लागतं ते फार बरं केलंस. फुकट मिळाल्यासारखं वाटत नाही.

पाणी ऐकणं: नाही पटलं. तिथे ती म्हातारी येते आणि म्हणते, आजपासून तुला पाणी ऐकू येईल, आणि लगेच ऐकू येतं. असं कसं? तोवर सगुणाने एकदाही जमिनीला कान लावलेला नाही. मला राग आला त्या म्हातारीचा. आधी कधीतरी तिला नुसतं काहीतरी ऐकू येऊ दे, काय आहे ते कळू नये. दोनदा चुकीच्या जागी कान लावू दे आणि कोरडंच लागू दे. मग म्हातारी नसली तरी चालेल. वाईट वाटून घेऊ नकोस. तू खरं लिही म्हणाली होतीस आणि मी हे पहिलंच खरं लिहितेय.

लिंबाच्या झाडाचं मी कळवलं होतं, ते झाड बरोबर जागी आहे. मीच धडकत होते.

वीस तारखेला सोळा दिवस आहेत. तेवढ्यात जुनं परत लावता येतं का, सर काय म्हणाले आणि तू माझ्याशी बोलणार आहेस का, एवढं दोन ओळींत लिही. फोन करू नकोस. फोन आला की मी परत काहीतरी चांगलंच सांगेन. उलट टपाली कळव.

तुझी आई